तिसरी ओंजळ

नाब्ला लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिल्याच हिवाळ्यात सासूने तिला तीन गोष्टी शिकवल्या. चुलीतला विस्तव रात्री राखेखाली कसा जिवंत ठेवायचा. पश्चिमेचा वारा सुटायच्या आधी कोंबड्या कशा आत घ्यायच्या. आणि पुरुष फ्यॉनची कथा सांगत असताना बाईने तोंड मिटून कसं बसायचं.

"कोंबडी आरवायला लागली तर काय करतो आपण?" सासूने विचारलं होतं.

"मान पिरगाळतो."

"मग झालं तर."

संतांच्या कथा बायकांनी सांगाव्यात, मेलेल्यांच्या सांगाव्यात, पाळण्यातलं पोर बदलून नेणाऱ्या टेकडीवाल्यांच्या सांगाव्यात. त्याला कुणाची ना नव्हती. पण फ्यॉन आणि त्याच्या वीरांची कथा पुरुषांची. तीही फक्त साउनपासून, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळपासून, मे महिना लागेपर्यंत. आणि दिवस मावळल्यावरच. उजेडी सांगितली तर वर्ष वाईट जातं. हे कुणी ठरवलं, हे कुणी विचारत नसे. समुद्राला कोण विचारतं?

नाब्लाचा नवरा बार्तला हा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या भूशिरावरच्या अकरा घरांमधला एक मासेमार. इतरांसारखाच. उन्हाळ्यात बांगडे धरायचे, दलदलीतून जळणाच्या वड्या कापून वाळवायच्या, वादळानंतर किनाऱ्यावरचं शेवाळ ओढून बटाट्याच्या वाफ्यांत घालायचं. पण साउनच्या संध्याकाळी तो दाढी करी, चुलीजवळच्या बाकावर बसे, आणि अकरा घरांतले पुरुष कंदील घेऊन त्याच्या दारात येत. त्याला एकच मोठी कथा येत होती. म्हाताऱ्या फ्यॉनची नवरी ग्रॉन्या लग्नाच्या पंगतीतूनच त्याच्या लाडक्या वीराबरोबर, दिअर्मुदबरोबर पळाली. सोळा वर्षं फ्यॉन त्यांच्या मागावर राहिला. आणि शेवटी रानडुकराच्या सुळ्याने पोट फाटलेला दिअर्मुद पाणी मागत त्याच्या पायाशी येऊन पडला. कथा तीन संध्याकाळी चाले. ती बार्तलाला बापाकडून आली होती, बापाला त्याच्या बापाकडून. त्यामागे कुणाला मोजता येत नव्हतं.

आणि ही काही फार जुनी गोष्ट आहे असं त्या गावात कुणाला वाटत नसे. घरामागच्या चढावर दोन उभ्या दगडांवर एक आडवी शिळा होती, ते दिअर्मुद आणि ग्रॉन्याचं अंथरूण. पावसात कोकरं त्याखाली शिरत. शेजारचा फेहीन, बिनलग्नाचा, तिखट जिभेचा, दर हिवाळ्यात तेच भांडण उकरून काढी.

"फ्यॉनचं काय चुकलं? सांगा ना! बायको पळवली त्यानं. वर पाणी पाजा म्हणतो!"

"तिनं त्याला भाग पाडलं, फेहीन," कुणीतरी म्हणे.

"सोळा वर्षं? सोळा वर्षं भाग पाडलं? बरं बाबा!"

यावरून दोन भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. ते दोघंही आता गावच्याच कबरस्तानात होते, शेजारी शेजारी.

या सगळ्या संध्याकाळी नाब्ला दाराजवळ, पाण्याच्या बादलीपाशी, सुया घेऊन मोजे विणत बसे. अडतीस हिवाळे. कुणी तिच्याकडे बघत नसे. भिंतीकडे कोण बघतं?

मुलगा एकच झाला, मार्कस. बापाचा आवाज आणि आईची स्मरणशक्ती घेऊन आलेला. कथेची पहिली संध्याकाळ त्याला पुरी येत होती, दुसरी अर्धी. एका मार्च महिन्यात होडी उलटली. होडी तिसऱ्या दिवशी सापडली, मार्कस नवव्या. नाब्लाने आपल्याच हातचे मोजे ओळखले.

त्यानंतरच्या साउनला बार्तला पहिल्यांदा अडला. नदीच्या उतारावरची झुंज आली, तीन परदेशी योद्धे पाण्यात उतरले, आणि तो थांबला. पुरुषांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. विस्तवात एक वडी कोसळली. नाब्लाला पुढचं वाक्य येत होतं. ते तिच्या जिभेवर गरम बटाट्यासारखं होतं, गिळता येईना, थुंकता येईना. तिच्या हातांनीच मग काय ते केलं. सुया एकमेकींवर आपटल्या, तीनदा, थांबून तीनदा. तलवारीवर तलवार.

बार्तलाने मान वर केली नाही. पण कथा चालू झाली.

तसंच पुढे चालत राहिलं. लोहाराची भट्टी आली की ती चिमट्याने चुलीचा दगड ठोकी. ग्रॉन्या रडू लागली की लोकरीचा गुंडा जमिनीवर सोडून देई. आणि शेवटी, जिथे तो आता दर वर्षी अडे, तिथे ती उठे, पत्र्याचा पेला बादलीत बुडवी आणि पाणी थोडं उंचावरून परत बादलीत सोडी. कारण तिथे पाणी होतं. फ्यॉनच्या दोन हातांना वर होता: त्याच्या ओंजळीतून जो पाणी पिईल तो मरणाच्या दारातून परत येईल. झरा नऊ पावलांवर. पहिली ओंजळ त्याने आणली, त्याला ग्रॉन्या आठवली, बोटं सैल झाली. दुसरी आणली, तसंच. आणि तिसरी.

या खुणांबद्दल नवराबायकोत कधी एक शब्द झाला नाही. दिवसा तो तिच्याशी मीठ, कोंबड्या आणि वारा याविषयी बोले. तिला वाटे, त्याला ठाऊक आहे. कधी वाटे, त्याला खरंच वाटतं की आपल्यालाच आठवलं.

एकोणीसशे छत्तीसच्या नोव्हेंबरात, मार्कस गेल्याच्या सातव्या वर्षी, लोककथा गोळा करणाऱ्या डब्लिनच्या कचेरीचा माणूस आला. टाइग त्याचं नाव. पूर्वी शाळामास्तर होता, म्हणून गाव त्याला मास्तरच म्हणू लागलं. सायकलच्या मागे त्याने एक जड लाकडी पेटी बांधून आणली होती. पेटीत यंत्र, यंत्राला कर्णा, आणि कापसात गुंडाळलेल्या मेणाच्या नळ्या. कर्ण्यात बोललं की मेणावर सुई चरे पाडी, आणि तेच चरे परत फिरवले की आवाज बाहेर येई.

"म्हणजे मेल्यावरसुद्धा बोलत बसायचं?" फेहीन म्हणाला. "बार्तला, तुझी सुटका नाही रे!"

बार्तला हसला नाही. पाहुणे गेल्यावर तो विस्तवाकडे बघत म्हणाला, "मार्कस गेला तेव्हा अर्धी बुडाली. उरलेली तरी किनाऱ्याला लागू दे." तिच्याकडे न बघता तो असं काही बोलला की ते ती जपून ठेवी.

पहिल्या संध्याकाळी कथा चांगली झाली. मास्तरने मेण परत फिरवलं. बार्तलाचा आवाज बारीक, विहिरीतून आल्यासारखा. आणि त्याच्यावर सतत टिक, टिक, टिक.

"हे काय?" बार्तलाने विचारलं.

मास्तर संकोचला. "घरच्या बाई, राग मानू नका. सुयांचा आवाज येतोय."

दुसऱ्या संध्याकाळी सुया नव्हत्या. लोहाराच्या भट्टीपाशी बार्तला अडखळला, आणि तिने चिमटा ठोकला. मास्तरने यंत्र थांबवलं, मेण बदललं, घाम पुसला. नळ्या मोजक्याच होत्या. लोक तिच्याकडे पाहू लागले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

"घरात कुणी आवाज करायचा नाही म्हटलंय ना," फेहीन म्हणाला. "नाब्ला, तुला खाज सुटलीय का हाताला?"

तिसऱ्या संध्याकाळी यंत्र लावता लावता मास्तर तिच्याकडे वळला. त्याला तिला बाहेर बसायला सांगायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं, म्हणून त्याने आधी काहीतरी गोड बोलावं म्हणून विचारलं, "घरच्या बाईंना येतात का काही कथा?"

बार्तला त्या तीन दिवसांत दहा वर्षांनी लहान झाला होता. त्याने पाइप तोंडातून काढला.

"तिला? तिला कोंबड्यांचं विचारा, मास्तर. कुठली कुठं अंडं घालते ते सगळं तोंडपाठ!"

स्वयंपाकघर हसलं. नाब्लाही हसली. अशा वेळी हसायचं असतं.

"मग आज जरा बाहेर, बाई..." मास्तर म्हणाला.

"जा, जा," बार्तला म्हणाला. "शाल घे."

तिने शाल घेतली, आणि जाता जाता बादलीतला पेलाही. का घेतला, ते तिचं तिलाच कळत होतं. बाहेर वळचणीखाली पावसाच्या पाण्याचं पिंप होतं, आणि पिंपाच्या वरच खिडकी, बोटभर उघडी. धूर जायला ती नेहमीच तशी असे.

तिने पेला भरला आणि उभी राहिली. आतून सगळं ऐकू येत होतं. रानडुक्कर आलं, मेलं. दिअर्मुदने आतडी हाताने धरून पाणी मागितलं. पहिली ओंजळ. नऊ पावलं. सांडली. दुसरी ओंजळ. नऊ पावलं. सांडली.

"आणि फ्यॉन तिसऱ्यांदा झऱ्यावर गेला," बार्तला म्हणाला, "आणि त्यानं ओंजळ..."

थांबला.

यंत्राची घरघर बाहेरपर्यंत येत होती. मेण फिरत होतं, रिकामं.

पेला उचलायचा, पाणी सोडायचं. एवढंच. हात गार पडला होता, पण हलत होता. कोंबड्यांचं विचारा. एक क्षण अडू दे, तिला वाटलं. फक्त एक क्षण. कळू दे त्याला. मग सोडते.

तो क्षण तिने धरून ठेवला. तो जितका मोठा असायला हवा होता त्याहून मोठा झाला. तिच्या लक्षात आलं की आपण मोजतो आहोत, आणि मोजणं गोड लागतंय.

"संपली," बार्तला आत म्हणाला.

"अरे, संपली काय?" फेहीनचा आवाज. "ओंजळीचं काय झालं?"

"सांडली. संपली म्हणतो ना."

पेला तेव्हाही भरलेला होता.

सकाळी ती दाणे टाकून आत आली तेव्हा तो बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, रात्रीचेच कपडे.

"तू कुठं होतीस?"

"बाहेर. मास्तरांनीच नाही का सांगितलं."

त्याने उघड्या दारातून बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "पिंप बाहेर आहे."

त्यावर तो आणखी काही बोलला नाही, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, पहिल्या वर्षापासून. हे तिला आता कळलं, आणि ते ऐकायला तिने सात वर्षं वाट पाहिली होती. चार दिवसांनी वादळ झालं. एकाहत्तराव्या वर्षी तो कंबरभर पाण्यात शेवाळ ओढायला उतरला, कुणाचं ऐकलं नाही. छातीत कफ धरला. नाताळच्या आधीच्या शनिवारी तो गेला. शेवटच्या रात्री त्याने पाणी मागितलं, तिने तोच पेला ओठांना लावला. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तापात माणसं असं करतात, असं डोक्याशी बसलेल्या बायका म्हणाल्या.

मयताच्या जागरणाला अकरा घरं आली. चहा, पाव, तंबाखू. फेहीन शवपेटीजवळ उभा राहिला, टोपी मुठीत चुरगळत.

"फ्यॉनची तिसरी ओंजळ मातीत चालली," तो म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

मास्तर फेब्रुवारीत परत आला. आधी त्याने कबरीवर गुडघे टेकले, मग घरोघर हिंडला. कथेचा शेवट कुणाला येतो का? सगळ्यांनी तो तीस तीस वेळा ऐकला होता. प्रत्येकाला थोडंथोडं आठवत होतं, फाटक्या जाळ्यासारखं. फेहीनने तिसऱ्या ओंजळीचं काय झालं ते सांगितलं, पण शब्द नव्हते. संध्याकाळी मास्तर नाब्लाच्या दारात आला तो फक्त निरोप घ्यायला.

"डब्लिनला सगळ्यांना फार आवडली, बाई. पण तुटकीच राहणार. तसं लिहावं लागेल, सांगणाऱ्याला शेवट आठवला नाही म्हणून."

"तसं लिहिणार?"

"कायमचं राहतं ते. खोटं कसं लिहू?"

ती बटाटे सोलत होती. सोलून झाले, सालं कोंबड्यांच्या भांड्यात टाकली, हात पुसले.

"उद्या सकाळी या. पुरुष शेवाळाला जातात तेव्हा."

"सकाळी?" त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पांढरा झाला, लोभ सुटलेल्या माणसाचा होतो तसा. "बाई, तुम्हाला येते?"

"त्याचं नाव लिहायचं. माझं नाही. सगळी त्यानं सांगितली असं लिहायचं."

"पण तुम्ही..."

"मी नुसती ठेवली होती."

सकाळी यंत्र टेबलावर आलं. मास्तर नळी बसवत असताना तिने विचारलं, "आधी त्याचा आवाज एकदा ऐकवाल?"

मास्तरचे हात थांबले. "बाई, आवाज नाही ठेवत आम्ही. ऐकून कागदावर उतरलं की मेणाचा वरचा थर तासून टाकतात. नळ्या थोड्या आहेत. परत वापराव्या लागतात."

तिने ती नळी हातात घेतली. गुळगुळीत, तपकिरी, मेणबत्तीच्या वासाची. बोटाला काहीच लागत नव्हतं.

"ही त्याचीच होती?"

"असेल. सांगता येत नाही."

तिने ती परत दिली आणि कर्ण्यासमोर बसली. सूर्य खिडकीत होता. खालची फळी लावून वरची उघडी ठेवलेल्या अर्ध्या दारातून कोंबड्या दिसत होत्या. तिने सुरुवात केली, आणि तिला धक्का बसला तो आवाजाचा. तो तिचा नव्हताच. जड, सावकाश, वाक्याच्या शेवटी किंचित खाली जाणारा. बार्तलाचे शब्द बार्तलाच्या श्वासाने येत होते. रानडुक्कर मेलं. दिअर्मुदने पाणी मागितलं. पहिली ओंजळ, नऊ पावलं, दुसरी ओंजळ.

अर्ध्या दाराच्या वर टोपी दिसली. फेहीन होता, खांद्यावर तिच्यासाठी आणलेली जळणाची पाटी. तो ऐकत उभा राहिला. तिने त्याला पाहिलं. त्याने तिला पाहिलं.

"आणि फ्यॉन तिसऱ्यांदा झऱ्यावर गेला," नाब्ला म्हणाली, "आणि त्यानं ओंजळ..."

ती थांबली. सात वर्षं तिथे पाण्याचा आवाज होता; तिला पुढचा शब्द त्या आवाजाशिवाय येईना. यंत्र घरघरत होतं. मास्तरने घाबरून तिच्याकडे पाहिलं, ओठांनी विचारलं, पुढे?

तिने बादलीतला पेला उचलला आणि पाणी सोडलं.

"...आणि त्यानं ओंजळ गच्च धरली, बोट बोटाला चिकटवून, एकही थेंब जाऊ दिला नाही. नऊ पावलं तो धावत आला. पहिल्या पावलाला त्याला ग्रॉन्या आठवली नाही, दुसऱ्या पावलाला सोळा वर्षं आठवली नाहीत, आठव्या पावलापर्यंत त्याच्या मनात राग म्हणून उरला नाही. नवव्या पावलाला तो वाकला. पाणी सगळं होतं. प्यायला कुणी नव्हतं."

दारात जळणाची पाटी हलकेच जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं तेव्हा फेहीन चढावर लागला होता, पाठ वाकवून, मागे न बघता.

मास्तरने वही उघडली. "सांगणारा, बार्तला, मासेमार, वय एकाहत्तर," तो लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला. मग लेखणी थांबली. "बाई, तळाशी बारीक अक्षरात तरी तुमचं..."

"कोंबड्या राखणारी, असं लिहा," ती म्हणाली. आणि तो खरंच लिहायला लागला तेव्हा तिने त्याचा हात धरला. "नको."

गाव तिला वाईट बोललं नाही. फेहीन जळण आणून टाकत राहिला, मात्र दारातून, आत न येता. वाटेत भेटला की वाऱ्याविषयी बोले. तो कुणाला काही बोलला की नाही हे तिला कधीच कळलं नाही. बोलायची गरजही नव्हती. त्या उन्हाळ्यात बटाट्याला करपा आला, तिच्याच नव्हे, सगळ्यांच्या वाफ्यांत. लोक तिच्या वाफ्याकडे बघून जात.

साउनच्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघर झाडलं. बाक चुलीजवळ ओढला, खुर्च्या मांडल्या, बादली भरून ठेवली. अंधार पडल्यावर खालच्या वाटेवर कंदील दिसले. चार, पाच, मग आणखी दोन. ते फाटकापाशी आले, जरा हळू झाले असं तिला वाटलं, आणि पुढे गेले, वळणावरच्या दुसऱ्या घराकडे. तिथे कुणाला कथा येत नव्हती. ते पत्ते खेळणार होते.

ती थोडा वेळ बसली. मग उठली, खुर्च्या भिंतीला लावल्या, आणि पश्चिमेचा वारा सुटायच्या आत कोंबड्या घ्यायला बाहेर गेली.